दुसरी हार्ड डिस्क दिसत नाही, तेव्हा...

संगणकातील जागा संपत आली म्हणून दुसरी हार्ड डिस्क विकत आणली, किंवा जुना संगणक मोडीत काढताना त्यातील डिस्क काढून नव्या संगणकाला जोडली. सारा खटाटोप आटोपून संगणक सुरू केला, तर पडद्यावर 'सी' आणि 'डी' ही नेहमीची जोडी तेवढी हजर. नव्याने जोडलेल्या डिस्कचा पत्ताच नाही. घरी संगणक वापरणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. मग केबल काढून पुन्हा लावणे, संगणक चार वेळा बंद-चालू करणे असे प्रयोग सुरू होतात आणि शेवटी दुकानदाराला दूरध्वनी केला जातो. तिकडून येणारे उत्तरही बहुधा ठरलेले असते, 'फॉरमॅट मारावे लागेल.'

डिस्क कोरी असेल तर या उत्तराने काहीच बिघडत नाही. पण तीत माहिती असेल तर?

माझ्या एका स्नेह्यांच्या वडिलांनी निवृत्तीनंतर हौसेने संगणक शिकून घराण्याची वंशावळ आणि गावाकडच्या आठवणी टंकून ठेवल्या होत्या. वडील गेले, संगणक माळ्यावर गेला. बऱ्याच वर्षांनी कुणाला तरी त्या लेखनाची आठवण झाली, तेव्हा स्नेह्यांनी त्यातील ८० जीबीची डिस्क काढून एका दुकानात नेली. तेथे ती संगणकाला जोडून पाहिली गेली आणि पाच मिनिटांत निकाल मिळाला, 'डिस्क गेली. टाकून द्या.' डिस्क गेलेली नव्हती. तिचे काय झाले होते ते ओघाने येईलच. पण 'दिसत नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही, एवढे त्या प्रसंगातून पक्के झाले.

'दिसत नाही' म्हणजे नेमके कोठे?

घरी आलेला पाहुणा फाटकाशी उभा आहे, ओसरीवर बसला आहे, की माजघरात पोहोचला आहे, हे ठाऊक असल्याशिवाय त्याला शोधता येत नाही. डिस्कचेही तसेच आहे. तिला तीन ठिकाणी शोधावे लागते. पहिले ठिकाण 'बायोस', म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी संगणकाच्या मदरबोर्डवरची जी मूळ आज्ञावली जागी होते ती. नव्या संगणकांत तिची जागा 'यूईएफआय'ने घेतली असली, तरी बोलण्यात बायोस हाच शब्द रुळला आहे. दुसरे ठिकाण विंडोजमधील 'डिस्क मॅनेजमेंट'. तिसरे ठिकाण म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाचे 'माय कम्प्युटर'. व्हिस्टापासून त्याचे नाव नुसते 'कम्प्युटर' झाले आणि २०१३ साली आलेल्या विंडोज ८.१ मध्ये 'धिस पीसी'. येथे सवयीने जुनेच नाव वापरले आहे.

बहुतेक जण केवळ तिसऱ्या ठिकाणी पाहतात आणि डिस्क नाही असे ठरवून मोकळे होतात. वस्तुतः माय कम्प्युटरमध्ये डिस्क दिसतच नाही, दिसतात ते तिच्यावरचे आखलेले, फाइल सिस्टिम असलेले आणि अक्षर मिळालेले भाग. यांतील एक जरी गोष्ट नसली, तरी धडधाकट डिस्कही तेथे अदृश्य राहते.

म्हणून तपास उलट्या क्रमाने करावा, फाटकापासून. संगणक सुरू होताच 'डिलीट' किंवा 'एफ-२' ही कळ वारंवार दाबली की बहुतेक संगणकांत बायोसचा पडदा उघडतो. काही कंपन्यांच्या यंत्रांत कळ निराळी असते. विंडोज ८ नंतरच्या संगणकांत 'फास्ट स्टार्टअप'मुळे संगणक पूर्णपणे बंदच होत नाही, अर्धवट झोपतो, आणि सुरू इतक्या झपाट्याने होतो की कळ दाबायला फुरसतच मिळत नाही. अशा वेळी 'शिफ्ट' कळ दाबून धरून 'रिस्टार्ट' निवडावे. पुढे येणाऱ्या पर्यायांतून बायोसपर्यंत जाता येते. डिस्क जोडण्यासाठी संगणक बंद करतानाही 'शिफ्ट' दाबूनच 'शट डाउन' करावा, म्हणजे तो खरोखर बंद होतो.

बायोसमधील यादीत डिस्कचे नाव किंवा मॉडेल क्रमांक दिसला, तर निम्मी चिंता मिटली. वीज, केबल आणि डिस्कचे इलेक्ट्रॉनिक्स ठीक आहे, दोष असलाच तर पुढच्या टप्प्यावर आहे. तेथे नाव नसेल, तर विंडोजमध्ये कितीही शोधाशोध केली तरी उपयोग नाही. कॅबिनेट उघडावे लागेल.

बायोसलाच पत्ता नाही

कॅबिनेट उघडण्यापूर्वी संगणकाचा प्लग भिंतीवरील सॉकेटमधून काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर संगणकाचे सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते, आणि मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. हिवाळ्यातील कोरड्या हवेत ही काळजी अधिक घ्यावी.

पहिला प्रश्न असा, की डिस्क फिरते आहे का? संगणक सुरू असताना तबकडीवाल्या डिस्कच्या कडेवर अलगद बोट ठेवले, तर सूक्ष्म थरथर जाणवते. थरथर अजिबात नसेल तर तिला वीज मिळत नाही असे समजावे आणि पॉवर सप्लायमधून येणारी दुसरी पिन लावून पाहावी. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने ही कसोटी तिला लागू पडत नाही.

वीज मिळत असेल, तर डेटा केबल बदलून पाहावी. केबल हा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा गुन्हेगारही तीच ठरते. साटा केबलची टोके सैल पडतात, विशेषतः ज्यांना धातूची पकड नसते त्यांची. केबल बदलूनही डिस्क दिसली नाही, तर मदरबोर्डवरील दुसऱ्या पोर्टात लावावी. ज्या पोर्टावर चालू डिस्क व्यवस्थित काम करते आहे, तेथेच नवी लावून पाहिली तर निदान झटपट होते. काही बायोसमध्ये एकेक पोर्ट स्वतंत्रपणे बंद ठेवता येतो. तो 'डिसेबल्ड' नाही ना, हेही पाहून घ्यावे.

गेल्या काही वर्षांत यात एक नवे कोडे आले आहे. नव्या मदरबोर्डांवर 'एम.२' नावाची चपटी खाच असते. तीत एसएसडी बसवली की कित्येक मदरबोर्डांवर एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद पडतात, कारण दोघांचा आतला रस्ता एकच असतो. कालपर्यंत चालणारी जुनी डिस्क नवी एसएसडी बसवताच नाहीशी झाली, असे कोणी म्हणाले तर आधी मदरबोर्डाची पुस्तिका उघडावी. कोणती खाच कोणता पोर्ट गिळते, याचा तक्ता तीत असतो. दुसरी गंमत अशी, की त्याच आकाराच्या एसएसडी दोन निरनिराळ्या भाषा बोलतात, साटा आणि एनव्हीएमई. खाच फक्त एनव्हीएमई जाणणारी असेल, तर साटा प्रकारची एसएसडी तीत बसू शकते, स्क्रूही घट्ट होतो, पण संगणकाला तिचा थांगपत्ता लागत नाही.

आणखी एक कारण पुष्कळ जाणत्यांनाही चकवते. २०१६ साली आलेल्या साटाच्या ३.३ या आवृत्तीत डिस्कची वीज दूरवरून बंद करण्याची सोय झाली आणि त्यासाठी पॉवर कनेक्टरची तिसरी पिन राखून ठेवली गेली. मात्र जुन्या पॉवर सप्लायमध्ये त्या पिनेवर ३.३ व्होल्ट कायम वाहत असतात. परिणामी, डिस्कला 'बंद राहा' असाच आदेश मिळत राहतो आणि ती फिरत नाही. मोठ्या क्षमतेच्या एक्स्टर्नल ड्राइव्हचे कवच फोडून आतील डिस्क संगणकात बसवणाऱ्यांना हा अनुभव अनेकदा येतो. जुन्या चार तारांच्या पिनेला साटाचे टोक देणारा ॲडॉप्टर लावला की डिस्क चालू होते, कारण त्या चार तारांत ३.३ व्होल्टची तार मुळातच नसते. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असा ॲडॉप्टर सहज मिळावा. मात्र तारांवर प्लास्टिक ओतून साच्यात घडवलेला स्वस्त ॲडॉप्टर घेऊ नये. असे ॲडॉप्टर वितळून आग लागल्याच्या तक्रारी आहेत. प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते, तो घ्यावा.

जम्परची गोष्ट

साटा २००३ साली बाजारात आली. त्याआधीच्या आयडीई डिस्क आता नव्या संगणकांत लागत नाहीत. पण माळ्यावरच्या संगणकांत त्याच असतात आणि जुनी छायाचित्रे, पत्रे, हिशेब बहुधा त्यांच्यातच असतात. त्यामुळे हा विषय वाटतो तितका कालबाह्य नाही.

आयडीईची रुंद, पट्टीसारखी केबल असते आणि तिच्यावर दोन डिस्क बसू शकतात. दोघींनी एकाच वेळी बोलू नये म्हणून एकीला 'मास्टर' आणि दुसरीला 'स्लेव्ह' नेमावे लागते. ही नेमणूक करणारा जम्पर म्हणजे डिस्कच्या मागच्या बाजूला केबल आणि वीज यांच्या दरम्यान असलेल्या छोट्या पिनांवर बसवलेले, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे प्लास्टिकचे टोपण. दोन्ही डिस्क मास्टर राहिल्या किंवा दोन्ही स्लेव्ह झाल्या, तर कधी एक दिसते, कधी दोन्ही गायब होतात. तिसरा पर्याय 'केबल सिलेक्ट'चा. त्यात केबलवरील जागेवरून भूमिका ठरते. ऐंशी तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डाला, दूरचे काळे टोक मास्टरला आणि मधले करडे स्लेव्हला, असा संकेत आहे. काही डिस्कवर 'एकटी असताना' आणि 'जोडीला स्लेव्ह असताना' यांसाठी जम्परच्या दोन वेगळ्या जागा असतात. डिस्कच्या वरच्या लेबलवर नकाशा छापलेला असतो, भिंग घेऊन तो वाचावा. अंदाजाने जम्पर हलवू नये.

आज अशी डिस्क वाचण्याचा सोपा मार्ग म्हणजे आयडीई डिस्कला यूएसबीत जोडणारा कन्व्हर्टर. त्यातही एक खोच आहे. बहुतेक कन्व्हर्टरना समोरची डिस्क मास्टर असावी लागते. स्नेह्यांच्या वडिलांच्या संगणकात ही ८० जीबीची डिस्क दुसरी म्हणून बसवलेली होती, अर्थात स्लेव्ह. दुकानात ती तशीच कन्व्हर्टरला लावली गेली आणि दिसली नाही. मी चिमट्याने जम्पर एक घर सरकवला, आणि डिस्क दिसू लागली. इतकेच.

विंडोजला ठाऊक आहे, पण दाखवत नाही

बायोसमध्ये नाव दिसते आणि माय कम्प्युटरमध्ये काही नाही, अशा वेळी 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. विंडोज १० व ११ मध्ये 'स्टार्ट' बटणावर राइट क्लिक केल्यास ते यादीत सापडते. जुन्या विंडोजमध्ये 'माय कम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'मॅनेज'मध्ये जावे. येथे खालच्या भागात 'डिस्क ०', 'डिस्क १' अशा आडव्या पट्ट्या दिसतात. आपल्या डिस्कची पट्टी तिच्या आकारमानावरून ओळखावी. १ टीबीची डिस्क येथे ९३१ जीबी दिसते म्हणून दचकू नये. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. दुकानदाराने फसवलेले नसते.

डिस्क नवीकोरी असेल, तर हे कार्यालय उघडताक्षणीच 'इनिशियलाइज डिस्क' अशी चौकट समोर येते आणि दोन पर्याय विचारते, 'एमबीआर' की 'जीपीटी'. एमबीआर ही १९८३ सालच्या पीसी डॉस २.० पासून चालत आलेली पद्धत. तीत सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला, तर हिशेब सुमारे २.२ लाख कोटी बाइटवर येऊन थांबतो. म्हणजे ४ टीबीची डिस्क या पद्धतीने आखली, तर निम्मी जागा कायमची पडीक राहते. आजच्या संगणकात जीपीटीच निवडावे. अपवाद एकच, डिस्क एखाद्या जुन्या ३२ बिटांच्या विंडोज एक्सपीवर न्यायची असेल तर. एक्सपीची ती आवृत्ती जीपीटी वाचू शकत नाही.

यानंतर पट्टीवर काळ्या रेघेखाली 'अनअलोकेटेड' असे लिहिलेले दिसेल. त्यावर राइट क्लिक करून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' निवडावे, अक्षर द्यावे, 'एनटीएफएस' ठेवून 'क्विक फॉरमॅट' करावे. अर्ध्या मिनिटात डिस्क माय कम्प्युटरमध्ये येते. तीच डिस्क ॲपलच्या संगणकावरही लिहायची असेल, तर 'एक्सफॅट' सोयीचे.

पुष्कळदा डिस्क आखलेली, फॉरमॅट केलेली, 'हेल्दी' असते, फक्त तिला अक्षर नसते. राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', एक मोकळे अक्षर, काम झाले. कार्यालयांत हा घोळ अधिक आढळतो. तेथे नेटवर्कवरील फोल्डरांना आधीच 'ई', 'एफ' अशी अक्षरे दिलेली असतात आणि एक्सपीसारखी जुनी विंडोज नव्या डिस्कलाही तेच अक्षर देऊन बसत असे.

डिस्क जुनी आहे, आणि तीत माहिती आहे

येथून पुढे मात्र हात आखडता घ्यावा. तीच चौकट, तेच 'ओके' बटण, पण परिणाम वेगळे.

जुनी, भरलेली डिस्क जोडल्यावर विंडोजने 'इनिशियलाइज' करण्याची परवानगी मागितली, तर 'कॅन्सल' करावे. ही चौकट येते याचा अर्थ डिस्कच्या आरंभी असलेला पार्टिशनचा तक्ता विंडोजला वाचता आलेला नाही. तो खराब झाला असेल, केबल सदोष असेल, किंवा डिस्क आजारी असेल. 'ओके' म्हटले की जुन्या तक्त्याच्या जागी नवा, रिकामा तक्ता लिहिला जातो. 'डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?' ही दुसरी चौकटही त्याच जातीची. तिचे शब्द असे सालस असतात की माणूस सहज होकार देऊन बसतो. क्विक फॉरमॅटमध्ये फाइलींचा मजकूर लगेच पुसला जात नसला, तरी तो कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका बदलते. व्हिस्टापासूनच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट केले, तर संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात आणि मग काही परत येत नाही. एसएसडीची गोष्ट याहून कठीण. क्विक फॉरमॅट करताच तिला जुना मजकूर टाकून देण्याची सूचना जाते आणि ती सूचना ती बऱ्याच तत्परतेने पाळते.

पट्टीवर 'रॉ' असा शेरा दिसला, तर तेथे फाइल सिस्टिम विंडोजला ओळखता आलेली नाही इतकाच त्याचा अर्थ. लिनक्सच्या 'ईएक्सटी४' किंवा ॲपलच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली उत्तम डिस्कही विंडोजला परकीच वाटते आणि तिलाही ती फॉरमॅट करू पाहते. ती डिस्क मूळ प्रकारच्या संगणकाला जोडावी, प्रश्न मिटतो. डिस्क खरोखर विंडोजचीच असेल, तर 'चेकडिस्क' चालवण्याची घाई करू नये. ही आज्ञावली दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहिते, आणि रॉ विभागावर तर ती चालतही नाही.

'ऑफलाइन' हा शेरा त्या मानाने निरुपद्रवी. चालू डिस्कची हुबेहूब प्रत काढून दोन्ही एकाच संगणकात लावल्या, तर दोघींची अंतर्गत ओळख एकच भरते आणि विंडोज एकीला बाहेर बसवते. राइट क्लिक करून 'ऑनलाइन' म्हटले की ती आत येते. मात्र त्या वेळी तिची ओळख बदलली जाते, त्यामुळे त्या प्रतीवरून पुढे विंडोज सुरू करायची असेल तर ती अडू शकते. 'फॉरेन' असा शेरा असल्यास ती दुसऱ्या संगणकातून आलेली 'डायनॅमिक' डिस्क असते. तेथे 'इम्पोर्ट फॉरेन डिस्क' निवडावे. शेजारीच 'कन्व्हर्ट टू बेसिक डिस्क' असाही पर्याय दिसू शकतो, आणि तो सारे विभाग पुसतो.

नव्या लॅपटॉपमधून काढलेली डिस्क कुलपाच्या चित्रासह दिसली, तर ती बिटलॉकरने बंद केलेली आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. त्याची ४८ अंकी किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. किल्ली नसेल, तर कोणताही तंत्रज्ञ ते कुलूप उघडू शकत नाही.

पार्टिशनचा तक्ताच हरवला असेल, तर 'टेस्टडिस्क' नावाची मोफत आज्ञावली उपयोगी पडते. ती हरवलेले विभाग शोधून त्यांतील फाइली दाखवते आणि इतरत्र उतरवूनही घेऊ देते. पथ्य एकच, आज्ञावली आणि मिळालेल्या फाइली दोन्ही वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. तक्ता परत लिहिण्याचा पर्यायही तीत आहे. फाइली सुरक्षित उतरवून घेईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नये.

आवाज येत असेल तर

डिस्कमधून ठरावीक अंतराने 'टक... टक...' असा आवाज येत असेल, तर आत्तापर्यंतचे सगळे उपाय बाजूला ठेवून संगणक बंद करावा. तबकडीवरून मजकूर वाचणारे हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. ते निकामी झाले असेल, तर डिस्क चालू राहिलेले प्रत्येक मिनिट तबकडी खरवडत असू शकते. माहिती मोलाची असेल, तर येथे घरगुती उपचार थांबतात आणि माहिती सोडवून देणाऱ्या व्यावसायिक प्रयोगशाळेचे काम सुरू होते. ते काम खर्चीक असते, आणि यशाची हमी कोणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहिलेले बरे.

डिस्क फ्रीझरमध्ये ठेवली की चालते, असा एक सल्ला फार वर्षे फिरत आहे. आपल्याकडच्या दमट हवेत फ्रीझरमधून काढलेल्या वस्तूवर पाण्याचे थेंब किती वेगाने जमतात, हे आठवावे; तेच थेंब तबकडीवर जमतात. झाकण उघडून पाहण्याचा मोहही आवरावा. तिसरा सल्ला खालचे सर्किट बोर्ड बदलण्याचा. फार जुन्या डिस्कमध्ये ते कधी साधत असे. नंतरच्या बोर्डांवर त्या एकाच डिस्कची खास माहिती साठवलेली असते, त्यामुळे नुसती अदलाबदल चालत नाही.

बाहेरून जोडलेली डिस्क

यूएसबीने जोडलेली डिस्क दिसली नाही, तर पहिला संशय विजेचा घ्यावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीॲम्पिअरपर्यंतच वीज देतो, ३.० पोर्ट ९००. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांना आतल्या लांब तारेतून वीज येते, म्हणून मागचा पोर्ट वापरून पाहावा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र ॲडॉप्टर लागतोच.

एक्स्टर्नल ड्राइव्हचे कवच फोडून आतील डिस्क थेट संगणकाला जोडण्याचा बेत असेल, तर थोडे थांबावे. काही कवचांतील छोटे सर्किट मजकूर सांकेतिक रूपात लिहिते, काही सेक्टरचा आकार निराळा भासवते. कवचातून बाहेर काढली की तीच डिस्क रिकामी किंवा 'रॉ' दिसते. अशा डिस्कवरील मजकूर वाचायला तेच कवच, किंवा तशाच जातीचे दुसरे, शोधावे लागते.

दिसली, पण उघडेना

जुनी डिस्क दिसू लागल्यावरही 'ॲक्सेस डिनाइड' असा नकार मिळू शकतो. जुन्या विंडोजमध्ये फोल्डर ज्या नावे होते, तो वापरकर्ता नव्या संगणकाला अनोळखी असतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून 'कंटिन्यू' म्हटले, किंवा फोल्डरच्या 'सिक्युरिटी'मध्ये जाऊन मालकी स्वतःकडे घेतली, की ते उघडते. फाइलींची नावे हिरव्या रंगात दिसली तर मात्र त्या सांकेतिक केलेल्या आहेत आणि जुन्या खात्याच्या प्रमाणपत्राशिवाय उघडणार नाहीत.

स्नेह्यांच्या डिस्कवरही आधी हा नकार मिळाला, मग फोल्डर उघडले आणि वंशावळीची फाइलही. आत मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चित्रविचित्र खुणांचा खच पडला होता. 'अखेर दुकानदाराचेच खरे झाले,' असे स्नेही म्हणाले. पण फाइल शाबूत होती. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत होत असे. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर असाच भलता दिसतो. त्याच डिस्कवरील जुन्या विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरात श्रीलिपीचा फॉन्ट सापडला. तो नव्या संगणकावर घातला, आणि पडद्यावर देवनागरी उमटले. प्रथम संपूर्ण डिस्कची प्रत नव्या डिस्कवर उतरवली. नंतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. बदलताना काही जोडाक्षरे आणि रफार जागचे हलले आहेत. ते सुधारत स्नेही सध्या रोज दोन-चार पाने वाचतात.